ओढ्याच्या अलीकडचा हिवर

॥ श्री ॥

भोकरदन, ता. ११ डिसेंबर १९३८

राजमान्य राजेश्री भुजंगराव मास्तर, मुक्काम देऊळगाव राजा, यांसी रखमाजीचा रामराम. वि. वि.

इकडील सर्व क्षेम, असं पुढं लिहायची रीत आहे. ती मोडतो. तुमचा भाचा बद्रीनाथ पंधरा दिवस झाले औरंगाबादेत हवालातीत बसून राह्यलाय. वऱ्हाडात तुमच्या कानावर काही आलं असंल-नसंल, म्हणून सगळं बराबर लिहितो.

पोरांच्या बोर्डिंगात एक वाचनालय व्हतं. कोणतं तरी वर्तमानपत्र तिथं येऊ नये असं वरून आलं अन् कुलूप पडलं. पोरं अंगणात जमली. बद्री हौदाच्या कठड्यावर चढला अन् बोलला. इकडं चार माणसांपुढं बोलायचं तर आधी अर्जी द्यावी लागती, ती काही यानं दिल्ती न्हाई. मोजून दहा मिनिटं बोलला म्हणतात. भाजीत मीठ न्हाई एवढं सांगायला घरी ज्याचं तोंड उघडत न्हाई, तो दहा मिनिटं! मला आधी वाटलं दुसऱ्याच कोणाच्या पोराला धरलं असंल.

बाकीच्या पोरांना दम देऊन सोडलं. बद्रीचं निराळं निघालं. बोर्डिंगाच्या फारमात जन्माचं गाव देऊळगाव राजा लिहिलेलं. म्हणजे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजी मुलूख. म्हणजे पोरगं गैरमुलकी, बाहेरून येऊन इथल्या पोरांना चिथावणारं. मी पोलीस कचेरीत गेल्तो. अमीनसाहेबांना म्हणलं की मी मुलकी, माझा बाप मुलकी, गोठ्यातले बैल बी मुलकी, मंग पोरगं परकं कसं? साहेबांनी दाराकडं बोट दाखवलं. त्यांचा कारकून भला माणूस. त्यानं बाहेर आणून समजावून सांगितलं की पोरगा गप बसला असता तर मुलकीच व्हता. बोलला म्हणून कागद बघावा लागला.

तो फारम मीच भरला व्हता. तुम्हीच म्हणला व्हता की आजोळचं गाव टाका, वजन पडतं. पडलं वजन.

आता दोन वाटा सांगून राह्यले. संक्रांतीच्या आत माफीनामा लिहून दिला तर पोरगं घरी. न्हाई दिला तर शिपाई नेऊन वऱ्हाडच्या हद्दीत सोडणार, अन् पुन्हा इकडं पाऊल टाकायचं न्हाई. आईबाप मेले तरी न्हाई. तुमचं तो ऐकतो. त्याला लिहा की सही कर. सहीनं कोणाचा हात झडत न्हाई.

तुळजा चुलीपुढं बसती अन् भाकर करपती. लग्नाला एकवीस वर्षं झाली, तिच्या हातची करपलेली भाकर मी पाह्यली नव्हती. वाटूरहून इंद्रायणीचा सांगावा आहे, तिला चौथा लागला. पोरीचं पहिलं बाळंतपण आपल्याकडंच व्हायचं, अन् घरात ही तऱ्हा.

लोभ असू द्या. राग असंल तर तो पोरगं सुटल्यावर काढू.

आपला, रखमाजी

---

देऊळगाव राजा, ता. १७ डिसेंबर १९३८

चि. बद्रीनाथ यास भुजंगमामाचे अनेक आशीर्वाद. हे पत्र तुझ्याआधी जे मुन्शीजी वाचतील त्यांनाही नमस्कार. अक्षर मुद्दाम ठळक काढले आहे, डोळ्यांना त्रास नको.

तुझा पराक्रम कळला. मी अठरा वर्षे शाळेत मुलांना गप्प बसवण्याचा पगार घेतो. तुमच्या सरकारने मला आधी विचारले असते तर सांगितले असते की हे काम होण्यासारखे नाही. मी फक्त पगारापुरते करतो.

तुला समजावून सांगावे असे तुझ्या वडिलांनी मला कळवले आहे. तर समज. माझे कर्तव्य झाले.

आता माझे स्वतःचे. माफीनामा द्यावा की न देणे बरे, हे मी सांगणार नाही, कारण हवालातीत मी बसलेलो नाही. पण तुला इकडे आणून सोडलेच, तर हद्दीवर मी गाडी घेऊन उभा असेन. माडीवरची खोली मामीने झाडून घेतली आहे. नागपूरला कॉलेजात नाव घालता येईल. आमच्याकडेही बोलायला परवानगी लागतेच. ती इंग्रजीत मागायची, एवढाच फरक. इकडे आलास तर मला आनंदच होईल. तुझी आई मात्र तुला पुन्हा घरात वाढणार नाही, आणि तो आनंद मला पचणार नाही. म्हणून नीट विचार कर.

मामीने डिंकाचे लाडू दिले आहेत. तपासणीसाठी मुन्शीजींनी एक जरूर खावा. दुसरा खाल्ला तर तो तपास धरणार नाही.

पांघरूण पुरते का ते लिही. माया आहे, ती पत्रात मावेल तेवढीच इथे पाठवतो.

तुझा, भुजंगमामा

---

औरंगाबाद, ता. २८ डिसेंबर १९३८

तीर्थस्वरूप मामांचे चरणी बालके बद्रीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

लाडू पोहोचले. मुन्शीजींनी एकच खाल्ला आणि मामींना सलाम सांगितला आहे. ते जालन्याचे, मराठी आपल्यासारखीच बोलतात. पांघरूण पुरते. डाळीत पाणी पुष्कळ असते, म्हणून तहान लागत नाही.

मामा, मी दहा मिनिटे काय बोललो ते तुम्हालाही कोणी सांगितले नसेल. आठ मिनिटे मी घाबरून तीच तीच वाक्ये बोललो. उरलेल्या दोन मिनिटांत एवढेच म्हणालो की वाचनालयाची किल्ली शुक्रवारपर्यंत परत द्यावी, आणि वर्तमानपत्रात काय वाईट आहे ते आम्हाला वाचून ठरवू द्यावे. माफीनामा उर्दूत आहे, अक्षर सुंदर आहे. मी तो तीनदा वाचला. त्यात लिहिले आहे की मी बाहेरच्या लोकांच्या फूस लावण्याने बोललो आणि यापुढे कोठेही तोंड उघडणार नाही. पहिले खोटे आहे. दुसरे मला जमणार नाही. दादांना हे कसे सांगू? त्यांना वाटते सही म्हणजे घरी यायचा रस्ता. पण सही करून घरी गेलो तर मी घरात गप्पच बसेन, आणि त्यांना तेही दिसेल.

पण मला वऱ्हाडात सोडलेलेही नको आहे. तुम्ही रागावू नका. आजोळ म्हणून मी दर उन्हाळ्यात येईन. परका म्हणून कसा येऊ? शिक्षा द्यायची तर द्यावी, पण घरच्या पोराला देतात तशी. घरच्या पोराला मारतात, उपाशी ठेवतात. तू आमचा नाहीसच, असे कोणी म्हणत नाही.

एक विचारायचे आहे. गेल्या गुरुवारी आई-दादा भेटीला आले होते. दादा पुढे भेटीच्या वहीत सही करायला गेले तेवढ्यात मी आईला म्हणालो की माझा जन्म तिकडचा म्हणून मला तिकडे सोडणार. आईने जाळीतून दोन बोटे आत घातली, माझा अंगठा धरला आणि म्हणाली की तू तिकडचा न्हाईस. मी म्हटले, कागदावर आहे. तर तिने विचारले की कळा कागदाला आल्त्या का. तेवढ्यात दादा आले आणि तिने तोंडाला पदर लावला. मामा, ही काय गोष्ट आहे?

मामींना नमस्कार. तुमची माया मोठी आहे, ती माझ्यावर अशीच राहावी.

आपला, बद्रीनाथ

---

देऊळगाव राजा, ता. ३ जानेवारी १९३९

श्री. रा. रा. रखमाजीराव यांस भुजंगाचा सप्रेम नमस्कार. वि. वि.

बद्रीचे पत्र आले. तो सही करणार नाही. त्याला समजवायला मी बसलो आणि तोच मला समजावून मोकळा झाला. त्याला परका म्हणून घेणेही नको आहे. म्हणजे दोन्ही वाटा बंद. तिसरी एक आहे, पण ती तुमच्या स्वयंपाकघरातून जाते.

तुळजा चुलीपुढे असेल. तिथे जाऊन हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवा. मग दौत-टाक घेऊन तिच्यासमोर बसा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवून मला पाठवा. मध्ये बोलू नका. हे तुम्हाला किती जड जाईल ते मी जाणतो, तरी ही विनंती.

तुळजा, आईच्या पायांवर हात ठेवून आपण दोघांनी शब्द दिला होता. आई जाऊन आठ वर्षे झाली. शब्द मोडल्याचे पाप लागायचे तर निम्मे माझ्या नावावर घे. धनगरांच्या वाड्यावरचे सगळे सांग. हिवराचेही सांग. माझ्या कानाचे नाही सांगितलेस तरी चालेल.

बाकी काय लिहू? या पत्रानंतर आपला लोभ टिकला तर तो खरा.

आपला, भुजंग

---

भोकरदन, ता. ८ जानेवारी १९३९

भुजंगदादाला तुळजाचा नमस्कार.

लिहिणारे समोर बसले आहेत अन् त्यांच्या कपाळावर आठ्या आहेत. त्यांना म्हणलं हे बी लिहा, तर लिहिलं.

तू सातव्या महिन्यात गाडी घेऊन मला न्यायला आल्तास. सासूबाईंनी सांगितलं की कापूस फुटलाय, वेचणी झाली की धाडू. आठव्यात आल्तास, तवा तूर पुढं केली. (त्या साली तापाच्या साथीनं माणसं मेल्ती. वेचायला बाया मिळत नव्हत्या. आई तशी वाईट नव्हती. – र.) हे मधेच बोलले. बोललेलं लिहायचंच असं ठरलंय म्हणून लिहिलं.

नववा लागल्यावर निघालो. जाफराबाद मागं पडलं अन् भर दुपारी कळा सुरू झाल्या. हद्दीचा ओढा समोर दिसत व्हता. तू बैल पिटाळायला लागलास, एकदा पलीकडं गेलो की झालं म्हणून. मी म्हणलं थांबव. थांबवली न्हाईस. मी पाण्याचा तांब्या फेकून मारला तवा थांबवलीस. तुझ्या कानामागं खोक आहे ती त्या तांब्याची. लोकांना तू बैलानं शिंग मारलं म्हणून सांगतोस.

ओढ्याच्या अलीकडं हिवराच्या झाडाखाली धनगरांचा वाडा, मेंढरांचा तळ, उतरला व्हता. म्हस्कू धनगराची बायको सोनूबाई. तिनं काही विचारलं न्हाई, आपली घोंगडी टाकली अन् मला घेतलं. चहूकडं मेंढरं. बद्री झाला. तिनं लोकर कातरायची कातरी तापवून नाळ कापली. त्यांच्यात नाळ कापलेल्या कातरीनं पुन्हा लोकर कातरत न्हाईत, म्हणून नाळेसंगं ती कातरी बी मडक्यात घालून हिवराच्या बुडाशी पुरली. वर दगड ठेवला. दोन दिवस तिच्यापाशी राह्यले. मंग ओढा ओलांडला. नाक्यावरच्या करोडगिरीच्या कारकुनानं जकातीसाठी गाडीतला गूळ वहीत लिहून घेतला. पोराकडं बघून हसला, पण पोर लिहिलं न्हाई.

घरी पोचल्यावर आपल्या आईनं उंबऱ्यातच थांबवलं. म्हणली, पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरात न होता मेंढरांत झालं हे कळलं तर सासरचे जन्मभर बोलून दाखवतील. अन् सुनेला नववा लागेस्तोवर वेचणीला वाकवली हे कळलं तर लोक सासरच्यांच्या तोंडात शेण घालतील. दोन्ही घरांची झाकायची तर पोरगं आपल्याच माजघरात झालं म्हणायचं. तू लगेच जाऊन जन्माच्या वहीत चांगल्या अक्षरात लिहून आलास.

यांनी टाक खाली ठेवला व्हता. म्हणलं उचला.

विचारून राह्यले की इतक्या वर्षांत मला का न्हाई सांगितलं. मी म्हणलं, तुम्ही बाराव्या दिवशी आलात अन् विचारलंत मुलगा का मुलगी. कुठं झाला हे कोणी विचारलंच न्हाई.

आता माझं झालं. बद्रीला आणा.

भुजंगराव, इथून पुढं मी लिहितो. वरती एका जागी शाई पसरली आहे, दौत कलंडली. माझी आई बी गेली, तिच्यावर आता काय बोलू? त्या साली त्याच रानात मी व्हतो, तुळजाच्या दोन सऱ्या पलीकडं. पोट घेऊन वाकती, उठताना जमिनीला हात टेकती, हे मला रोज दिसत व्हतं. मी गप राह्यलो. मला कोणी मनाई केल्ती न्हाई. आईपुढं बोलायला अर्जी लागत नव्हती.

उद्याच कचेरीत जाऊन मुदत मागतो. तुम्ही त्या बाईला शोधा. तुमच्यावर रागवायचं ठरवलं व्हतं, जमलं न्हाई.

रखमाजी

---

देऊळगाव राजा, ता. २४ जानेवारी १९३९

श्री. रा. रा. रखमाजीराव यांस सप्रेम नमस्कार. वि. वि.

पंधरा दिवसांची मुदत मिळवलीत, हे ऐकून तुमच्याविषयी आदर वाढला. तो मी कोणाला सांगणार नाही.

सोनूबाई सापडली. शाळेतून रजा घेतली आणि मेंढ्या कोणत्या शिवारात बसल्या आहेत ते विचारत आठ दिवस हिंडलो. टेंभुर्णीच्या पुढे तिचा मुलगा सांडू याचा वाडा भेटला. म्हस्कू राहिले नाहीत. म्हातारी उन्हात बसून लोकर पिंजत होती. मी नाव सांगितले, गाव सांगितले, मास्तर आहे असेही सांगितले. ओळख पटेना. शेवटी मान वळवून कान दाखवला. मग जी हसली! पहिला प्रश्न विचारला की तांब्या फेकणारी बाई बरी आहे का.

साहेबापुढे यायला ती लगेच कबूल झाली. एकच अट: पोरगा तिला दाखवायचा.

परवा हिवराखाली पंचनामा झाला. हद्दीचा दगड जागच्या जागी आहे. महसुलाच्या गिर्दावरसाहेबांनी पावले मोजली. हिवर ओढ्याच्या अलीकडे, म्हणजे तुमच्या मुलखात, चाळीस पावले आत निघाला. नाक्यावरची जुनी वही मागवली, ती वाळवीने खाल्ली आहे. म्हातारीचे डोळे अधू म्हणून गिर्दावर शंका काढू लागले. तिने काठीने जागा दाखवली आणि उकरा म्हणाली. हातभर खाली खापरे निघाली, आणि त्यात गंजलेली कातरी. साहेबांनी लिहिले की एक अदद कातरी, लोखंडी, निकामी. कागदावर हे कोरडे वाटते, पण साहेबांनी लिहिण्याआधी पायातला जोडा काढला.

तरी एक अडचण उरली. एका कागदावर जन्म इकडे, दुसऱ्यावर तिकडे. वऱ्हाडच्या वहीतली नोंद खोटी आहे, हे नोंद करणाऱ्यानेच लिहून द्यावे लागते. नोंद करणारा मी. मुलांना खरे बोलायला शिकवतो म्हणून सरकारचे मीठ खाणारा. मी लिहून दिले की खोटी माहिती मी जाणूनबुजून दिली, त्याबद्दल क्षमा असावी. तीन प्रती केल्या. एक आमच्या शिक्षणखात्याला जाईल. खाते काय करील ते करो. आपल्या घरातून कोणाचा तरी माफीनामा जावा असे सरकारच्या मनात होते, तो गेला. भाच्याचा जाण्यापेक्षा मामाचा गेला, हे मला परवडले. शिवाय माझा गुन्हा खरा होता.

तुळजाला सांगा, कानाची गोष्ट आता दोन सरकारांच्या दप्तरी आहे.

लोभ पूर्वी होता तेवढाच ठेवा. एकदम वाढवलात तर मला संशय येईल.

आपला, भुजंग

---

औरंगाबाद, ता. १२ फेब्रुवारी १९३९

तीर्थस्वरूप मामांचे चरणी बद्रीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

परवा सकाळी निकाल झाला. मी मुलकी आहे. दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढे ते यापूर्वी कधी जवळ आले नव्हते. दुपारी त्याच खोलीत दुसरा निकाल झाला. परवानगीवाचून सभेत बोलल्याबद्दल सहा महिने साधी कैद.

आईने कचेरीच्या पायऱ्यांवर साखर वाटली. शिपायांना काही कळेना. शिक्षा झालेल्याच्या आईकडून साखर घ्यावी की नाही, म्हणून ते एकमेकांकडे बघत राहिले. मुन्शीजींना कळले. त्यांनी ओंजळ पुढे केली, खाल्ली आणि हळूच म्हणाले की मुबारक हो. मग आई रडली. आधी रडली नव्हती.

सोनूबाई आली होती. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि आईला म्हणाली की कोकरू वाळलंय. मला का धरले ते तिने सांडूकडून समजून घेतले. बोलल्याबद्दल, हे कळल्यावर तिला काहीच नवल वाटले नाही. म्हणाली, झाला तवा ओढ्यापल्याडच्या गुराख्यांनी ऐकलं एवढा वरडला व्हता, आता कुठं यांच्या कानावर गेलं!

मामा, तुमचे काय होणार? मी माफी मागितली नाही म्हणून तुम्हाला मागावी लागली, हे मनातून जात नाही. मी ताठ राहिलो त्याचे इथली मुले कौतुक करतात. तुमचे कोणी करत नाही. म्हणून मी करतो. रागवू नका.

किल्ली अजून परत आलेली नाही. मुन्शीजी म्हणतात, हे वाक्य खोडायला हवे. पण त्यांना आज डोळ्यांचा त्रास आहे.

सहा महिने फार नाहीत. आपला आशीर्वाद पाठीशी असला की मोजावेही लागणार नाहीत.

आपला, बद्रीनाथ

---

भोकरदन, ता. ९ जून १९३९

चि. बद्रीनाथ यास दादांचा आशीर्वाद. मुन्शीजींना रामराम.

तू मामा झालास. गेल्या मंगळवारी सकाळी इंद्रायणीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण खुशाल. पोरगी रंगानं तुझ्यावर गेली, आवाजानं बी. तुझ्या आईनं नाळ परसात पुरून वर दगड ठेवला, अन् जन्म लिहायला माणूस आला तवा दारात उभी राहून त्याच्याकडून गाव, घर, वार सगळं लिहून घेतलं. मंग ते दोनदा वाचायला लावलं. तो म्हणला की बाई, एवढं कोणी विचारत न्हाई. ती म्हणली, आम्ही विचारतो.

भुजंगमामाची बदली झाली. शिक्षा म्हणून. हद्दीवरच्या एका खेड्यात एकट्या मास्तराची शाळा दिली आहे. लिहितात की शाळेच्या ओट्यावरून ओढा दिसतो अन् पलीकडं हिवर दिसतो; सरकारला माहीत असतं तर इतकी चांगली जागा दिली नसती. तू काळजी करू नको. त्यांचं तोंड व्हतं तसंच आहे.

एक गोष्ट लिहायची राह्यली. आधी लिहिणार नव्हतो.

इंद्रायणीला सातवा लागला तवा मी गाडी घेऊन वाटूरला गेल्तो. तिचे सासरे म्हणले की ज्वारीची काढणी व्हऊ द्या, महिनाभरानं न्या. ओसरीवर त्यांचे भाऊबंद बसले व्हते, सात-आठ जण. पोरगी दाराआड उभी व्हती. मला तिचा नुसता हात दिसत व्हता, चौकटीला धरलेला. मी उठायला लागलो, बराय म्हणायला. अन् मंग काय झालं ठाव न्हाई, मी उभा राह्यलो अन् बोललो. तुळजाचं सांगितलं, माझ्या आईचं सांगितलं, दोन सऱ्या पलीकडं मी काय करत व्हतो ते बी सांगितलं. तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा आली असतील. सांगितलं की पोर आजच नेणार, अन् तुमची ज्वारी काढायला उद्या मी स्वतः येतो. घड्याळ नव्हतं, पण दहा मिनिटं झाली असतील.

पोरगी गाडीत बसली. दुसऱ्या दिवशी मी ज्वारी काढायला गेलो. चार दिवस काढली.

तुझी आई म्हणती की आता घरात बोलणारे एकाला दोन झाले. तिच्या हातची भाकर आता करपत न्हाई. ऑगस्टात सुटशील तवा हिवराकडून सोनूबाईला भेटून ये. अन् वाटेत कुठं बोलायची पाळी आली तर बोलून ये. उशीर झाला तरी चालंल. जेवायला थांबू.

तुझा, दादा